समुद्रातला प्लॉट

गेल्या शनिवारी मी आणि बायको एक 'प्री-लाँच' स्कीम बघायला गेलो होतो. बघायला म्हणजे काय, बाहेर पत्र्याचं कुंपण, आत गवत आणि एसी केबिनमध्ये बिल्डिंगचं मॉडेल. एजंट म्हणाला, "सर, रेरा नंबर यायचाय, म्हणून तर हा रेट! आज टोकन द्या. ताबा कोणाला हवाय? दीड वर्षात विकून मोकळे व्हा." खात्यात पाच लाख होते. खरं सांगतो, हात शिवशिवत होता.

"विचार करून सांगतो" म्हणून घरी आलो, आणि मला १८६४ सालची मुंबई आठवली.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तिकडचा कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसावर तुटून पडल्या. मुंबईत पैसाच पैसा! तो जिरवायला कंपन्या निघाल्या. त्यातली सगळ्यात गाजलेली बॅक बे रेक्लमेशन कंपनी. योजना अशी, की समुद्रात भराव घालायचा, त्यावरून कुलाब्यापर्यंत रेल्वे न्यायची आणि उरलेली जमीन घरांसाठी विकायची. ५,००० रुपये भरलेला शेअर ५० हजारांच्या घरात गेला. जमीन कुठे होती? पाण्याखाली!

आता तुम्ही म्हणाल, लोक मूर्ख होते. तसं नाही हो. शहर खरंच दाटीवाटीचं होतं, रेल्वेची गरज खरी होती. फक्त शेअर घेणाऱ्याला त्या जमिनीशी घेणंदेणं नव्हतं. त्याला पुढचा घेणारा हवा होता. त्यात 'मुदतीचे सौदे', म्हणजे आज भाव ठरवायचा आणि हिशोब १ जुलै १८६५ ला करायचा. वर बँका शेअर तारण ठेवून कर्ज देत होत्या. त्या पैशातून आणखी शेअर. आपल्या भाषेत, इनफायनाइट लूप.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आला आणि युद्ध आटोपलं. कापूस कोसळला. १ जुलैला पैसे द्यायला कोणाकडेच नव्हते. बॅक बेचा शेअर दोन हजारांच्याही खाली आला. बाजाराचे राजे प्रेमचंद रायचंद बुडाले, आणि त्यांना सढळ हाताने कर्ज देणारी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. (प्रेमचंदांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून राजाबाई टॉवर मात्र १८७८ मध्ये पुरा झाला.) १८६४ च्या जनगणनेत ८ लाख १६ हजार असलेली मुंबई १८७२ मध्ये ६ लाख ४४ हजारांवर आली होती.

खरी गंमत पुढेच आहे. ती कल्पना बरोबर होती! १९२० च्या दशकात सरकारने तिथे पुन्हा भराव घालायला घेतला. तोही रखडला, त्यातला गैरकारभार के. एफ. नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला. पण मरीन ड्राइव्हच्या इमारती शेवटी १९३० च्या दशकात उभ्या राहिल्या. म्हणजे लोकेशन एक नंबर, ताबा मात्र सत्तर वर्षांनी. चांगली जागा आणि चांगलं डील या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला इथे कळलं.

मग कागद-पेन घेऊन बसलो. फ्लॅट ८० लाखांचा. तशाच फ्लॅटचं शेजारी भाडं २० हजार. वर्षाला २ लाख ४० हजार, म्हणजे ३ टक्के, तेही मेंटेनन्स न धरता. कर्जाचं व्याज साडेआठ धरलं, तर मधली दरी कोण भरणार? पुढचा घेणारा. आणि तो कोण? माझ्यासारखाच, आयटीवाला. आमचा सगळ्यांचा 'कापूस' एकच.

१८६४ च्या लोकांकडे रेरा नव्हता. आपल्याकडे २०१६ चा कायदा आहे. ज्या प्रोजेक्टला नोंदणी लागते, त्याचं नोंदणीआधी बुकिंग घेता येत नाही. करारनामा रजिस्टर होण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. घेतलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. एजंट ज्याला सवलत म्हणत होता, ती मुळात हे कवच काढून ठेवण्याची किंमत होती.

रविवारी त्याचा फोन आला. "सर, उद्यापासून रेट वाढतोय."

म्हटलं, वाढू दे. नंबर आला की सांगा, राहायला घर म्हणून बघू.

बायको दोन दिवस धुसफुसत होती. असो. पाच लाख अजून खात्यात आहेत.