इतिहास पुढच्या पिढीला कशासाठी सांगायचा?



यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असा कार्यकारिणीचा आग्रह झाला. मी काही इतिहासाचा अभ्यासक नव्हे. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि नोकरीची वीसएक वर्षे खडगपूरच्या आसपास, रूळ आणि पूल यांच्यातच गेली. पण घरी मुले विचारतात, "बाबा, इतिहास शिकून उपयोग काय?" या प्रश्नाचे मला सुचलेले उत्तर आपल्यापुढे ठेवतो.

आमच्या कामातलेच उदाहरण देतो. रेल्वेच्या पुलाच्या खांबावर एक रेघ रंगवलेली असते आणि शेजारी वर्ष लिहिलेले असते. आजवर नदीला सर्वांत मोठा पूर आला तेव्हा पाणी कुठवर चढले होते, त्याची ती खूण. तो पूर बघणारे लोक कधीच निवृत्त झालेले असतात. पण नवा इंजिनियर पुलाची उंची ठरवतो, पावसाळ्यात गस्त लावतो, ते त्या रेघेकडे बघून. पूर ही काही अभिमानाची गोष्ट नाही, म्हणून कोणी ती रेघ पुसली, तर पुढच्या पुरात गाडी जाईल. इतिहास हा पिढ्यांसाठी मारून ठेवलेल्या अशाच रेघांसारखा आहे. चांगल्या पाण्याची आणि वाईट पाण्याचीही नोंद त्यात असावी लागते.

आता आपल्या बंगालमधल्या मराठी माणसांचे उदाहरण घेऊ. शिवराय, अटकेपार झेंडे, पानिपत ही प्रकरणे आपल्याला तोंडपाठ असतात. पण आपण जिथे राहतो, त्या बंगालशी मराठ्यांचा पहिला मोठा संबंध कसा आला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? इथल्या प्रत्येक बंगाली घराला मात्र ते ठाऊक आहे. बाळाला झोपवताना आजी जे गाणे म्हणते, त्यात 'बर्गी' देशात आल्याची आणि आता सारा कुठून भरायचा याची चिंता आहे. हे बर्गी म्हणजे आपले बारगीर. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार आणि ज्याला घोडा व हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर.

१७४० मध्ये अलिवर्दीखानाने सरफराजखानाला गिरियाच्या लढाईत मारून बंगालची नबाबी बळकावली. त्याच्यावर नाराज असलेल्यांनी नागपूरकर रघुजी भोसल्यांकडे धाव घेतली. रघुजींना चौथाई हवी होती. १७४२ मध्ये त्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर, म्हणजे बंगालीत प्रसिद्ध असलेले भास्कर पंडित, फौज घेऊन बर्दवानपर्यंत आले. पूर्वी नबाबाच्या बाजूला असलेला मीर हबीब त्यांना मिळाला आणि मुर्शिदाबादेत जगत्शेठची पेढी लुटली गेली. त्याच शरदात भास्करपंतांनी कटव्याजवळ दुर्गापूजा मांडली. परमुलखात छावणी असताना त्यांनी इथल्याच लोकांचा सण केला, ही गोष्ट आपण गणपती बसवणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. ऐन पूजेत अलिवर्दीने हल्ला केला आणि मराठ्यांना माघार घ्यावी लागली.

१७४३ मध्ये तर खुद्द नानासाहेब पेशवे रघुजींच्या विरुद्ध, अलिवर्दीच्या मदतीला बंगालमध्ये आले. म्हणजे मराठे मराठ्यांच्या समोर उभे राहिले. ३१ मार्च १७४४ रोजी मानकरा येथे तहाच्या बोलण्यासाठी बोलावून अलिवर्दीने भास्करपंत आणि त्यांच्या सरदारांना दग्याने ठार केले. त्यानंतर स्वाऱ्या आणखी तीव्र झाल्या. अखेर १७५१ मध्ये तह होऊन बंगालच्या चौथाईपोटी वर्षाला १२ लाख रुपये ठरले, ओरिसाचा वसूल नागपूरकरांकडे गेला आणि सुवर्णरेखा नदी ओलांडायची नाही असे ठरले. तीच सुवर्णरेखा, जी आपली बालेश्वरकडे जाणारी गाडी जलेश्वरजवळ ओलांडते. ओरिसा पुढे १८०३ पर्यंत, इंग्रजांनी घेईतोवर, भोसल्यांकडे राहिला.

हा झाला तहाचा आणि फौजांचा हिशेब. पण मधली नऊ-दहा वर्षे गावातल्या माणसाने काय भोगले? त्याची नोंद गंगाराम नावाच्या बंगाली कवीने १७५१ च्या सुमारास करून ठेवली. त्याच्या काव्याचे नाव 'महाराष्ट्र पुराण'. डोक्यावर गाठोडी घेऊन पळणारे ब्राह्मण, सोनार, विणकर, गरोदर बाया, जळणारी घरे आणि बायकांवरचे अत्याचार हे सगळे त्यात आहे. मोहिमेवरच्या फौजेचा खर्च मुलखातूनच काढायचा, ही त्या काळची सर्वत्रची रीत होती हे खरे. पण रीत होती म्हणून ज्याचे घर जळले त्याचे दुःख कमी होत नाही. कलकत्त्याच्या लोकांनी तर भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल खणून झाला. मराठे काही तिथवर पोचले नाहीत. पुढे खंदक बुजला, त्याच्या बऱ्याच भागावर सर्क्युलर रोड झाला, पण बागबाजारमध्ये 'मराठा डिच लेन' हे नाव शिल्लक राहिले.

हे सगळे मी वाचले ते एका कारणाने. माझा मुलगा सातवीत असताना शाळेतून आला आणि म्हणाला, "बाबा, मुलं मला बर्गी म्हणतात. आपण लुटारू होतो का?" असे काही झालेच नाही, असे त्याला सांगणे सोपे होते. तुमचा नबाब काय कमी होता, असे उत्तर शिकवणेही सोपे होते. पण पहिले खोटे ठरले असते आणि दुसऱ्याने वर्गात भांडण झाले असते. मी त्याला वर लिहिले तेवढे सगळे सांगितले. आणि त्यापुढचेही सांगितले, कारण गोष्ट १७५१ मध्ये संपत नाही.

देवघरजवळ स्थायिक झालेल्या एका मराठी घराण्यात १८६९ मध्ये सखाराम गणेश देउस्कर जन्मले. मातृभाषा मराठी, पण लेखणी बंगाली. इंग्रजी राज्याने देश कसा नागवला हे सांगणारे त्यांचे 'देशेर कथा' १९०४ मध्ये निघाले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. याच देउस्करांनी बंगालमध्ये शिवाजी उत्सव रुजवण्यासाठी खटपट केली. १९०४ मध्ये रवींद्रनाथांनी त्यांच्याच पुस्तिकेसाठी 'शिवाजी उत्सव' ही कविता लिहिली. जून १९०६ मध्ये लोकमान्य टिळक स्वतः कलकत्त्याच्या शिवाजी उत्सवाला आले. ज्या प्रांतात मराठ्यांच्या नावाने मुले गप्प बसत, त्याच प्रांताने दीडशे वर्षांनी शिवाजी महाराजांना आपले मानले! पुढे जदुनाथ सरकार आणि गोविंद सखाराम सरदेसाई, एक बंगाली आणि एक मराठी, असे दोन इतिहासकार आयुष्यभराचे मित्र झाले. जदुनाथांनी शिवचरित्र लिहिले आणि बंगालवरच्या मराठ्यांच्या स्वाऱ्यांवरही काही न झाकता लिहिले. म्हणून मैत्री तुटली नाही.

काही मंडळी म्हणतात, जुनी मढी कशाला उकरायची? माझे म्हणणे असे की, आपण सांगितले नाही म्हणून मुलांना ते कळायचे राहत नाही. दुसरा कोणीतरी अर्धेच सांगतो, आणि अर्ध्या इतिहासावर माथी भडकवणे फार सोपे असते. आपल्या मुलांवर बारगिरांचा दोष नाही, तसे शिवरायांचे कर्तृत्वही आयते त्यांच्या खात्यावर जमा होत नाही. पण दोन्ही ठाऊक असलेला मुलगा शेजाऱ्याशी मान वर करून, आणि तोल राखून बोलू शकतो. आपसांत फूट पडली की काय होते आणि रयतेच्या जिवावर फौज पोसली की तिचे नाव अडीचशे वर्षांनंतरही कसे उरते, हे त्याला कोणी वेगळे शिकवावे लागत नाही.

आपल्या रेल्वेचे १८८७ चे जुने नाव बंगाल नागपूर रेल्वे. तीच दोन नावे एके काळी रणांगणावर समोरासमोर होती. आज आपण त्या रुळांवर पोट भरतो आणि दुर्गापूजेत व गणेशोत्सवात एकमेकांच्या मंडपात जेवतो. हा स्नेह किती मोठ्या पुरानंतर उभा राहिला, हे कळले तरच मुले तो जपतील.

एक सूचना करतो. उत्सवाच्या सांस्कृतिक कार्यक्रमात मुलांच्या वक्तृत्वस्पर्धेला दरवर्षी एक विषय बंगाल-महाराष्ट्र संबंधांवरचा ठेवावा, आणि परीक्षक म्हणून एखाद्या बंगाली सहकाऱ्याला बोलवावे. पुढच्या वेळी सुवर्णरेखेच्या पुलावरून जाताना मुलांना खिडकीशी बसवून तहाची गोष्ट सांगावी. पाच मिनिटे पुरतात.

गणपती बाप्पा मोरया!