कूटचा वेढा आणि दोन पिठे

29 एप्रिल 1916 रोजी तैग्रिस नदीच्या वळणावरील कूट-अल-अमारा या गावी जनरल टाउनशेंड यांनी तुर्कांपुढे शस्त्रे खाली ठेवली. 147 दिवसांच्या वेढ्यानंतर सुमारे तेरा हजार माणसे कैदेत गेली. शरण गेलेले हे सैन्य म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन. तीत 103, 110 आणि 117 या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. 1922 च्या फेररचनेत या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत सामावल्या गेल्या. त्या रेजिमेंटचे केंद्र बेळगावात असल्याने तेथील जुन्या घराण्यांच्या कानांवर कूटचे नाव पडलेले असण्याचा संभव आहे.

टेसिफोनची लढाई, तेथून 3 डिसेंबर 1915 पर्यंत कूटला झालेली पिछेहाट, वेढा उठवण्याच्या प्रयत्नांत वेढ्यातील सैन्याहून अधिक माणसे हताहत होणे, या साऱ्यावर युद्धेतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. प्रस्तुत लेखकाचे लक्ष वेधले ते तेथील चुलींनी. या वेढ्यात एकाच गावात, एकाच तोफखान्याच्या माऱ्याखाली, दोन निरनिराळे शिधे शिजत होते. गोऱ्या पलटणींना पांढऱ्या मैद्याचा पाव आणि मांस मिळे; हिंदी पलटणींना आटा, म्हणजे कोंड्यासह दळलेली कणीक, आणि डाळ. वेढ्याच्या पहिल्या दोन महिन्यांत गोऱ्या शिपायांमध्ये एक चमत्कारिक दुखणे दिसू लागले. तळपायांना मुंग्या येत, पोटऱ्या दाबल्या तर असह्य दुखत, पाऊल उचलताना पुढचा भाग लोंबकळे, आणि काहींच्या पायांवर सूज चढून छाती धडधडू लागे. हा बेरीबेरी होता. आटा खाणाऱ्या शिपायांत तो जवळजवळ नव्हता.

युरोपियन माणसाला बेरीबेरी व्हावा, हीच त्या काळच्या समजुतीस न मानवणारी गोष्ट होती. हा रोग भात खाणाऱ्या पूर्वेकडील लोकांचा, असे पाठ्यपुस्तके सांगत. पण त्याआधीच्या तीस वर्षांत या रोगाचे मूळ शोधण्याचे जे प्रयत्न झाले होते, ते ध्यानात घेतले तर कूटमधील प्रकाराचे आश्चर्य वाटत नाही.

1886 मध्ये डच सरकारने बटाव्हियास, म्हणजे आजच्या जकार्तास, एक वैद्यकीय आयोग धाडला. बेरीबेरीचा जंतू शोधून काढणे हे त्याचे काम. तो काळच जंतूंचा होता. कॉख यांनी नुकताच क्षयाचा जंतू दाखवून दिला होता आणि प्रत्येक रोगामागे एक जंतू असलाच पाहिजे अशी वैद्यकाची श्रद्धा बनली होती. आयोगातील तरुण डॉक्टर ख्रिस्तियान आइकमान तेथेच राहिले. त्यांच्या प्रयोगशाळेच्या आवारातील कोंबड्यांचे पाय एकाएकी लुळे पडू लागले. जंतू सापडेना. काही महिन्यांनी कोंबड्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशीअंती उलगडा झाला तो असा : मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातील उरलेला, सडलेल्या तांदळाचा पांढरा भात घातला जात होता. नवा स्वयंपाकी आला आणि बिनलष्करी कोंबड्यांना लष्करी भात देण्याचे त्याने नाकारले. एका आचाऱ्याच्या कारकुनी काटेकोरपणाचे वैद्यकशास्त्रावर केवढे हे उपकार! पुढे जावा बेटाच्या नागरी आरोग्य खात्याचे निरीक्षक फोर्डरमान यांनी शंभराहून अधिक तुरुंगांतील कैद्यांची पाहणी केली. पांढरा तांदूळ खाणाऱ्यांत सुमारे 39 कैद्यांमागे एकाला बेरीबेरी होता. असडीक तांदूळ खाणाऱ्यांत हे प्रमाण दहा हजारांमागे एक इतके अल्प होते.

तरीही आइकमान यांची समजूत अशी की तांदळाच्या पिठूळ भागात काही विष असावे आणि कोंड्यात त्यावरचा उतारा. विष वगैरे काही नाही, कोंड्याबरोबर जाते ते मज्जातंतूंना आवश्यक असे काहीतरी, हे त्यांचे सहकारी ग्राइन्स यांनी 1901 मध्ये मांडले. एखाद्या गोष्टीच्या अभावाने रोग होतो, ही कल्पना आज आपल्याला शाळकरी वाटते; तेव्हा ती जवळजवळ हास्यास्पद होती.

याच सुमारास जपानमध्ये जे घडले ते साहित्यप्रेमी वाचकांनी विशेष पाहण्याजोगे आहे. 1882-83 मध्ये ‘रियुजो’ या युद्धनौकेच्या सफरीत 376 खलाशांपैकी 169 जणांना बेरीबेरी झाला आणि 25 दगावले. नौदलाचे वैद्य ताकाकी कानेहिरो यांनी 1884 मध्ये ‘त्सुकुबा’ ही दुसरी नौका त्याच मार्गाने पाठवली, मात्र आहार बदलून. मांस, दूध, पाव यांचा त्यात समावेश केला. या सफरीत बेरीबेरीने एकही मृत्यू झाला नाही. पुढे नौदलाने भातात सातू मिसळण्यास प्रारंभ केला आणि तेथून हा रोग बहुतांशी हटला. ताकाकी यांचे स्पष्टीकरण चुकीचे होते. प्रथिनांच्या कमतरतेने रोग होतो असे त्यांना वाटे. उपाय मात्र अचूक ठरला.

लष्कराने तो स्वीकारला नाही. विरोध करणाऱ्या लष्करी वैद्यांमध्ये मोरी ओगाई हे नाव आहे. आधुनिक जपानी कादंबरीच्या प्रवर्तकांपैकी हे एक. जर्मनीत शिकलेले, जर्मन साहित्याचे मर्मज्ञ अनुवादक. सिद्धान्ताने सिद्ध न झालेली गोष्ट केवळ उपयोगी पडते म्हणून मान्य करावी, हे त्यांच्या प्रयोगशाळेत घडलेल्या बुद्धीस पटेना. त्यातच पांढरा भात हा गरीब खेड्यातून भरती झालेल्या शिपायास मोठा मान वाटे, आणि तो काढून घेणे लष्करालाही अवघड होते. 1904-05 च्या रशियाविरुद्धच्या युद्धात जपानी लष्कराचे सुमारे 27 हजार सैनिक बेरीबेरीने मेले असे मानले जाते. नौदलात हा रोग तेव्हा नाममात्र होता. 1908 मध्ये लष्कराने बेरीबेरीच्या संशोधनासाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद ओगाई यांच्याकडेच आले. त्यांच्या साहित्याविषयी आदर बाळगूनही हा हिशेब त्यांच्या नावावरून पुसता येत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मलायात तर याचा प्रत्यय भाताच्या दोन प्रकारांतूनच आला. तेथील खाणींत राबणारे चिनी मजूर सयामी पांढरा तांदूळ खात आणि बेरीबेरीने मरत. शेजारचे तामीळ मजूर उकडा तांदूळ खात आणि सुरक्षित राहत. गोव्यातील आणि कोकणातील वाचकांना उकड्या तांदळाची महती सांगायला नको. भात टरफलासकट उकडून वाळवला की कोंड्यातील हे जीवनसत्त्व पाण्याबरोबर आत दाण्यात मुरते आणि मग गिरणीत सडले तरी बरेचसे टिकते. आपल्या आजीबाई पेजेसाठी उकडाच का मागत याचे उत्तर त्यांनी शास्त्रातून काढलेले नव्हते, इतकेच.

आता पुन्हा कूटकडे वळू. गव्हाचेही तेच आहे. जे भाताच्या कोंड्यात, तेच गव्हाच्या कोंड्यात आणि अंकुरात असते. मैदा करताना नेमके तेच वगळले जाते. फेब्रुवारी 1916 च्या सुरुवातीस गोऱ्या पलटणींचा मैदा संपला. नाइलाजाने त्यांना आटा आणि सातूचे पीठ मिसळून केलेला काळपट पाव देण्यात आला. धान्य दळण्यासाठी जात्याचे दगड विमानातून टाकावे लागले, इतकी तेथे टंचाई होती. पीठ बदलले तसा बेरीबेरी ओसरू लागला. शिधा घटत होता, भूक वाढत होती, तरी हा एक रोग मागे हटत होता.

हिंदी शिपायांचे नशीब मात्र उलट्या दिशेने फिरले. आट्याने त्यांचे मज्जातंतू राखले. पण आट्यात ‘क’ जीवनसत्त्व नसते आणि ताजी भाजी तर नव्हतीच. गोरे शिपाई घोड्यांचे ताजे मांस खात. हिंदी शिपायांनी धर्मासाठी ते नाकारले. हिंदुस्थानातील धर्मगुरूंच्या अनुज्ञा बिनतारी संदेशाने मागवण्यात आल्या, तरी बहुतेकांनी एप्रिलपर्यंत मांसास हात लावला नाही. त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. हिरड्यांतून रक्त, सांध्यांत वेदना. वेढ्याच्या अखेरीस एका बाजूस मज्जातंतूंचा रोग हटलेला आणि दुसऱ्या बाजूस रक्तवाहिन्यांचा रोग फैलावलेला, असे हे दृश्य होते. कोणी शूर आणि कोणी भित्रा म्हणून नव्हे, कोणाच्या ताटात काय नव्हते यावरून ते ठरत होते.

या काहीतरीला ‘व्हायटामिन’ हे नाव काझिमीर फुंक यांनी 1912 मध्येच दिले होते. बटाव्हियातच यान्सेन आणि डोनाथ यांनी 1926 मध्ये ते स्फटिकरूपात वेगळे केले आणि 1936 मध्ये रॉबर्ट विल्यम्स यांनी त्याची रासायनिक रचना ठरवून ते कृत्रिमरीत्या बनवले. हे विल्यम्स जन्माने आपल्या नेल्लोरचे. आईवडील तेथे मिशनरी होते. थायामिन, म्हणजे ‘ब-1’, काय करते तेही याच काळात उलगडले. मज्जातंतू शर्करेवर जगतो. शर्करेचे ऊर्जेत रूपांतर होताना पायरुव्हेट नावाच्या टप्प्यावरून पुढे जाण्यास थायामिन हवे. ते नसेल तर काम तेथेच अडते. शरीरात त्याचा साठा 25 ते 30 मिलिग्रॅमच असतो आणि काही आठवड्यांत संपतो. जो तंतू जितका लांब, त्याची उपासमार तितकी आधी जाणवते. म्हणून पहिली तक्रार तळपायांची. उकिडवे बसलेल्या रोग्यास उठता येत नाही, ही जुन्या वैद्यांची एक सोपी परीक्षा होती.

युद्ध संपण्याच्या वर्षी, 1918 मध्ये, निलगिरीतील कुन्नूर येथे पाश्चर संस्थेच्या एका खोलीत रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी ‘बेरीबेरी चौकशी केंद्र’ सुरू केले. पांढरा कच्चा तांदूळ खाणाऱ्या उत्तर सरकार प्रांतात, म्हणजे आंध्र किनाऱ्यावर, हा रोग ठाण मांडून होता. त्याच खोलीतून पुढे न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीज उभी राहिली. 1958 मध्ये ती हैदराबादला हलली, 1969 पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि तारनाक्यापाशी उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी तिची इमारत आजही उभी आहे.