पाण्यात शिरलेल्या कणाचा हिशोब

पाण्यातून जाणाऱ्या कणांचं संगणकावर सिम्युलेशन करायचं, म्हणजे नेमकं काय मांडायचं आणि ही पद्धत आली कुठून, हे आज आपण बघणार आहोत. संगणक या गोष्टीत बराच उशिरा येतो. पाणी मात्र सुरुवातीपासून आहे.

१९३४ चा ऑक्टोबर महिना. रोममध्ये एन्रिको फर्मी आणि त्यांचे तरुण सहकारी निरनिराळ्या मूलद्रव्यांवर न्यूट्रॉनचा मारा करत होते. वाटेत पॅराफिन मेणाचा ठोकळा ठेवला, तर परिणाम कमी व्हायच्या ऐवजी कित्येक पटींनी वाढला! फर्मींनी तर्क केला की हे मेणातल्या हायड्रोजनचं काम असणार. मग पाण्यानंही तेच व्हायला हवं. संस्थेच्या बागेत कारंज्याचं तळं होतं, त्यात सोनेरी मासे होते. मंडळींनी साहित्य उचललं आणि थेट त्या तळ्यात बुडवलं. तर्क बरोबर निघाला.

असं का होतं, हे गोट्या खेळलेल्या कुणालाही कळेल. गोटी भिंतीवर आपटली की उलटी येते, वेग फारसा जात नाही. पण आपल्याच वजनाच्या गोटीवर नेम बसला, की मारणारी गोटी जवळजवळ जागेवर थांबते आणि दुसरी सुटते. न्यूट्रॉन आणि हायड्रोजनचं केंद्रक जवळपास सारख्याच वजनाचे. म्हणून पाण्यात न्यूट्रॉन अठरा-वीस टकरांत मंदावतो, आणि मंद न्यूट्रॉन केंद्रकात सहज शिरतो.

आता प्रश्न असा की मंद होईपर्यंत तो किती लांब भटकतो? प्रत्येक टक्कर कुठे होईल आणि नंतर तो कुठल्या दिशेला जाईल, हे नशिबावर. फर्मींना रात्री झोप लागत नसे. त्या वेळात ते हातयंत्रावर एकेका न्यूट्रॉनचा प्रवास आकडे टाकून मांडत, आणि सकाळी सहकाऱ्यांना प्रयोगाचं उत्तर आधीच सांगून चकित करत. पद्धत त्यांनी छापली नाही. ही हकिकत पुढे त्यांचे सहकारी एमिलियो सेग्रे यांच्याकडून कळली. आमच्या मते या शास्त्राचा खरा जन्म इथलाच, जरी नाव दुसरीकडे पडलं.

ते नाव म्हणजे मॉन्टे कार्लो. १९४६ साली स्टॅनिस्लॉ उलाम हे गणिती आजारपणातून उठत होते आणि वेळ घालवायला एकट्यानं खेळायचा पत्त्यांचा डाव मांडत होते. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्रानं काढायला गेलं तर डोकं फिरतं. मग शंभर डाव खेळून किती सुटले तेच का मोजू नये? न्यूट्रॉनलाही हेच लागू पडतं, हे त्यांच्या लक्षात आलं. जॉन फॉन नॉयमन यांनी मार्च १९४७ मध्ये रॉबर्ट रिचमायर यांना पत्र लिहून सगळी योजना मांडली: शंभर न्यूट्रॉन, प्रत्येकाच्या शंभर टकरा, एनिॲक यंत्रावर अंदाजे पाच तास. १९४८ मध्ये हे गणित खरोखर एनिॲकवर चाललं. त्याच्या संहितेचं बरंचसं काम क्लारा फॉन नॉयमन यांनी केलं, पण त्यांचं नाव कितीतरी वर्षं कुणी घेत नव्हतं. आणि हे स्पष्ट सांगायला हवं, की ते न्यूट्रॉन पाण्यातले नव्हते. ते बॉम्बमधले होते.

हीच पद्धत परत पाण्याकडे आली ती दवाखान्याच्या वाटेनं. रॉबर्ट विल्सन लॉस अलामॉसमध्येच होते. १९४६ मध्ये त्यांनी सुचवलं की वेगवान प्रोटॉन कर्करोगावर वापरावेत. कारण प्रोटॉन वाटेत थोडी थोडी ऊर्जा सोडतो आणि थांबायच्या अगदी आधी एकदम पुष्कळ सोडतो. अल्फा कणांच्या बाबतीत हे ब्रॅग यांना शतकाच्या सुरुवातीलाच दिसलं होतं. याच विल्सननी नंतर इलेक्ट्रॉनच्या वर्षावाचं गणित संगणकाशिवाय केलं: आलेख चिकटवलेला एक दंडगोल फिरवायचा, थांबेल तिथला आकडा वाचायचा, पुन्हा फिरवायचा. लॉटरीच म्हणा ना! आणि त्या वर्षावाचा सिद्धांत १९३७ मध्ये मांडणाऱ्या दोघांपैकी एक होते आपले होमी भाभा.

आज हेच काम जिऑन्ट-४ सारखी प्रणाली करते. तिची पहिली आवृत्ती १९९८ च्या डिसेंबरात आली. मांडणी करायला बसलं की आधी एक पेटी सांगायची, समजा चाळीस सेंटिमीटरची, आणि तिच्यात पाणी भरायचं. पाणीच का? तर शरीराचा मोठा भाग पाणी आहे, आणि पाण्याची टाकी जगात कुठेही सारखीच भरता येते. मग कुठला कण, किती ऊर्जेचा, कुठून सोडायचा. मग कुठले भौतिक नियम लावायचे. बाहेर फेकलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन शेवटपर्यंत पाळत बसलं तर यंत्र संपता संपत नाही, म्हणून मर्यादा घालावी लागते. मुळात ठेवलेली मर्यादा ०.७ मिलिमीटर आहे: एवढंही अंतर जाऊ न शकणारा इलेक्ट्रॉन वेगळा निर्माणच करायचा नाही, त्याची ऊर्जा तिथेच जमा धरायची. आणि किती कण? चूक निम्मी करायची तर कण चौपट लागतात. एकेका कणाच्या या प्रवासाला तिथे 'हिस्टरी'च म्हणतात, बरं का.

सगळ्यात नाजूक जागा वेगळीच आहे. पाण्याचा रेणू सरासरी किती ऊर्जा शोषतो, असा एक आकडा प्रणालीला द्यावा लागतो. आंतरराष्ट्रीय आयोगाच्या १९८४ च्या अहवालात तो ७५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट होता. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात तो ७८ झाला. म्हटलं तर तीनचाच फरक. पण २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रोटॉन पाण्यात सुमारे २६ सेंटिमीटर जातो, आणि या फरकानं त्याचा थांबा एक मिलिमीटरहून थोडा जास्तच पुढे सरकतो. गाठीच्या पलीकडे मज्जारज्जू असेल तर एक मिलिमीटर ही थोडी गोष्ट नव्हे.

२०२३ पासून खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेकमध्ये प्रोटॉन उपचार होतात. अशा केंद्रांत संगणकानं काढलेलं उत्तर खऱ्या पाण्याच्या टाकीत मोजमापक बुडवून पडताळतात. आणि रुग्ण म्हणजे काही टाकी नव्हे. त्यात हाड आहे, हवा आहे, श्वासाबरोबर हलणारं फुप्फुस आहे. तिथली अनिश्चितता टाकीपेक्षा पुष्कळ मोठी. म्हणून गाठीमागे नाजूक अवयव असेल, तर प्रोटॉन तिथेच बरोबर थांबेल या भरवशावर डॉक्टर सहसा समोरून झोत सोडत नाहीत. तो बाजूनं आणतात.