मज्जातंतूंना वाट दाखवणारी जनुके: कृमीपासून माणसापर्यंत

बाळ पोटात वाढत असताना त्याच्या प्रत्येक मज्जातंतूला ठरावीक ठिकाणी पोहोचायचे असते. काही तंतू शरीराची मधली रेषा ओलांडून पलीकडे जातात, म्हणूनच मेंदूची उजवी बाजू डावा हात हलवते. ही वाट जनुके ठरवतात. ती कशी, हे समजायला एका कृमीची मोठी मदत झाली.

हा कृमी कोणता?
सी. एलिगन्स. हा पोटातला जंत नव्हे. तो मातीत राहतो, जेमतेम १ मिलिमीटर लांब असतो आणि माणसाला त्रास देत नाही. उभयलिंगी कृमीत फक्त ३०२ चेतापेशी असतात आणि अंग पारदर्शक असल्याने त्या जिवंतपणीच पाहता येतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या चेतापेशींवर काम चालते.

जनुके काय करतात?
यूएनसी-६ हे जनुक नेट्रिन नावाचे प्रथिन बनवते. ते कृमीच्या पोटाच्या बाजूला जास्त असते. तंतूच्या वाढत्या टोकावर यूएनसी-४० चे प्रथिन असेल तर तंतू नेट्रिनकडे ओढला जातो. सोबत यूएनसी-५ चे असेल तर तो पाठीकडे ढकलला जातो. यांपैकी एखादे जनुक बिघडले की तंतू वाट चुकतात आणि कृमीला नीट सरपटता येत नाही.

माणसात काय होते?
यूएनसी-४० सारखेच आपले जनुक म्हणजे डीसीसी. ते बिघडल्यास एक हात हलवताना दुसराही आपोआप तसाच हलू शकतो. लहान मुलांत हे थोडेफार दिसतेच. दहाव्या वर्षानंतरही ठळक राहिले तर दाखवून घ्या.
दुसरे जनुक रोबो-३. त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर मुलाचे डोळे जन्मापासून डावी-उजवीकडे वळत नाहीत, बाजूला पाहायला ते मान वळवते. पुढे पाठीचा कणाही वाकत जातो.

पालकांनी काय करावे?
सातारा-सांगली भागात मामाच्या मुलीशी लग्न होते. नात्यातल्या लग्नात आई-वडील दोघांकडे तेच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिल्या मुलाला त्रास असेल तर पुढच्या वेळेआधी जनुकीय सल्ला घ्या.
आईने ग्रहण पाळले नाही म्हणून हे होत नाही. तिला दोष देऊ नका. वाट चुकलेले तंतू औषधाने सरळ होत नाहीत, पण कण्याचा बाक वेळीच कळला तर पट्टा किंवा शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. म्हणून मूल बाजूला पाहताना डोळ्यांऐवजी सतत मान वळवत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना लवकर भेटा.