‘हे म्या कुठी म्हटलं?’ अर्थात रिव्हर्बची गोष्ट

गेल्या दिवाळीत अकोल्याला गेलो होतो, तेव्हा मामांचं खंजिरी भजन रेकॉर्ड करून आणलं. रात्री जेवणं झाल्यावर अंगणात सतरंजी टाकली, रेकॉर्डर स्टुलावर ठेवला आणि मामांनी सलग चार भजनं म्हटली. वय ७८. आवाज जरा कापतो, पण खंजिरीवरचा हात अजून पक्का. पुण्याला आल्यावर अख्खा शनिवार घालवून मी त्यावर रिव्हर्ब, डिले, कॉम्प्रेसर असं सगळं चढवलं. हेडफोनवर एकदम विकतच्या सीडीसारखं वाटायला लागलं. मोठ्या ऐटीत फाइल पाठवली. संध्याकाळी मामांचा फोन.

‘आवाज माहाच हाय. पण हे म्या कुठी म्हटलं रे बापू? इहिरीत?’

मी हसलो खरा, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग पुढचे दोन वीकेंड हा रिव्हर्ब आला कुठून ते शोधण्यात गेले.

गोष्ट सुरू होते १८९५ मध्ये, हार्वर्ड विद्यापीठात. तिथल्या फॉग म्युझियमच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा, त्यामुळे पुढचं कुणाला काही कळायचं नाही. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला हे निस्तरायला सांगितलं. हा पठ्ठ्या शेजारच्या थिएटरमधल्या गाद्या रात्री उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. त्यातून सूत्र निघालं: खोलीचं घनफळ जितकं जास्त तितका आवाज जास्त वेळ घुमतो, आणि आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका कमी. शोषण मोजायला सॅबिनने एकक कोणतं घेतलं असेल? उघडी खिडकी! खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे शंभर टक्के शोषला गेला.

पुढची पन्नास-साठ वर्षं लोकांनी याच्या उलट उद्योग केला. घुमणं घालवायचं नाही, तर विकत घ्यायचं. १९४७ मध्ये शिकागोच्या बिल पटनमने स्टुडिओच्या बाथरूममध्ये स्पीकर आणि माइक ठेवून गाण्याला घुमारा दिला. १९५७ मध्ये जर्मनीच्या ईएमटी कंपनीने बाथरूमऐवजी पोलादी पत्रा टांगला. साधारण एक बाय दोन मीटरचा पत्रा, पेटीसकट वजन सुमारे २७० किलो. मग आली आपली जमात. १९६१-६२ च्या सुमारास बेल लॅब्समधल्या मॅनफ्रेड श्रोडरने दाखवून दिलं, की खोली लागत नाही, पत्राही लागत नाही. आवाज थोडा उशिरा करून स्वतःतच परत मिसळणारी काही लूप्स पुरतात. २००० साली आलेला फ्रीव्हर्ब हा फुकट कोड याच कल्पनेवर उभा आहे: प्रत्येक चॅनेलला आठ लूप्स, २५ ते ३७ मिलिसेकंदांची. ऑडॅसिटीचा रिव्हर्बही त्याच घराण्यातला. म्हणजे त्यातला ‘रूम साइझ’ मी ७५ टक्क्यांवर ठेवला, तेव्हा मामांना उचलून कुठल्या तरी दगडी दालनात नेऊन बसवलं होतं. मामांची विहीर अगदीच चुकीची नव्हती.

आता आपल्याकडे या. खंजिरी भजन म्हटलं की वऱ्हाडात नाव येतं तुकडोजी महाराजांचं. जन्म १९०९, अमरावती जिल्ह्यातलं यावली. १९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला, १९४२ च्या आंदोलनात तुरुंगात गेले, १९६८ मध्ये गेले. त्यांची भजनं हजारोंच्या समुदायापुढे व्हायची, तीही बहुतेक उघड्यावर. म्हणजे सॅबिनच्या भाषेत, वर अख्ख्या आभाळाएवढी उघडी खिडकी! असं गाणं घुमाऱ्यावर विसंबूच शकत नाही. शब्द स्पष्ट लागतो आणि खंजिरीच्या चकत्यांचा आवाज मागच्या माणसापर्यंत कापत जावा लागतो.

मग लहानपणी ऐकलेल्या भजनांच्या कॅसेटमध्ये एवढा एको का असायचा? माझा एक अंदाज आहे. टेप एको म्हणजे टेपवर आवाज भरणारं हेड आणि वाचणारं हेड यांच्यातलं अंतर. टेप सेकंदाला १५ इंच आणि अंतर २ इंच धरलं, तर उशीर १३३ मिलिसेकंद. आता यात्रेत पन्नास मीटरवरच्या खांबाला भोंगा बांधलाय असं समजा. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर, म्हणजे उशीर १४५ मिलिसेकंद. जवळपास तेवढाच! कॅसेटमधला एको ऐकला की आपल्याला यात्रा आठवते, ती बहुधा यामुळेच. पण मामा यात्रेत गात नव्हते, अंगणात चार माणसांत गात होते.

कॉम्प्रेसरनेही घोळ घातलाच होता. मी निवडलेला प्रीसेट १९६७ च्या ११७६ या यंत्राची नक्कल होता. (हे यंत्रही पटनमचंच!) त्याचा अटॅक एका मिलिसेकंदाच्याही आत. खंजिरीवरची थाप पहिल्या काही मिलिसेकंदांतच सगळं सांगून मोकळी होते, आणि नेमकी तीच चेपली गेली होती. ७८ वर्षांच्या माणसाचा जो हात अजून पक्का आहे, तोच मी पुसून टाकला होता.

मग सगळं अनडू. अटॅक २५ मिलिसेकंद, रेशो दोनास एक. ८० हर्ट्झच्या खालची घरघर काढली. डिले बंद, रिव्हर्बही बंद. मागे एक कुत्रं भुंकतं, ते राहू दिलं. पुन्हा पाठवलं. मामा म्हणाले, ‘आता आंगनात बसलो.’

आता एकच काम उरलंय. त्या घराच्या जागी पुढच्या वर्षी अपार्टमेंट होणार आहे. १९९९ पासून कन्व्होल्यूशन रिव्हर्ब नावाचा प्रकार बाजारात आहे. एखाद्या जागेत फुगा फोडायचा, तो आवाज रेकॉर्ड करायचा, आणि ती जागा कशी वाजते हे फाइलमध्ये कायमचं साठवायचं. अंगणात फारसं काही मिळणार नाही, आभाळ सगळं गिळून टाकतं. पण ओसरी आहे, माजघर आहे, देवघर आहे, शिवाय मागची विहीर आहे. संक्रांतीला जाताना फुग्यांचं पाकीट घेऊन जाणार आहे. मामांना अजून सांगितलेलं नाही. फुगे कशाला म्हणून विचारतीलच.