ईदचं दस्तरख्वान आणि बगदादचे हकीम

रमजानचा शेवटचा आठवडा आला की मोबाइलवर दोन तऱ्हेचे मेसेज फिरू लागतात. एक शीरखुर्मा आणि बिर्याणीच्या फोटोंचे, दुसरे आरोग्याच्या सल्ल्यांचे. तूप बंद, साखर बंद, भात बंद, मटणाचं तर नावच काढू नका. फोटोवाले म्हणतात, वर्षातून एकदाच तर ईद येते. (खरं तर दोनदा येते, आणि मधे अकीके, लग्नं, वलीमे असतातच.) सल्लेवाल्यांचं ऐकायचं तर ईदच्या दिवशी काकडी चावत बसावं लागेल. मला दोन्हींत एकच गोष्ट खटकते. खाणं आणि तब्येत यांचं जन्मजात वैर आहे असं दोघेही धरून चालतात. हजार वर्षांपूर्वीच्या बगदादमध्ये मात्र या प्रश्नाचा विचार बऱ्याच शहाणपणाने झाला होता.

अकराव्या शतकात तिथे इब्न बुतलान नावाचा वैद्य होता. धर्माने ख्रिस्ती, लिहायचा अरबीत. त्या काळच्या मुस्लिम जगात हे काही अपवादात्मक नव्हतं. त्याने 'दावत अल-अतिब्बा', म्हणजे वैद्यांची मेजवानी, नावाचं एक विनोदी पुस्तक लिहिलं. बगदादहून आलेला एक तरुण वैद्य मय्याफारिकीन या गावात (हे आजच्या तुर्कस्तानात येतं) काम शोधत पोहोचतो. तिथला एक म्हातारा वैद्य त्याला जेवायला बोलावतो. एकेक पदार्थ समोर येतो, पाहुण्याने हात पुढे करावा, तोच यजमान त्या पदार्थाचे तोटे सांगू लागतो आणि ताट परत आत जातं. सगळी कारणं वैद्यकाचीच, पण खरं कारण एकच, म्हातारा कमालीचा कंजूष आहे. पुढे तो गावात आजार कमी झाले म्हणून हळहळतोही!

हा टोमणा वैद्यकाच्या विरोधकाने मारला असता तर त्यात विशेष काही नव्हतं. पण याच इब्न बुतलानने 'तकवीम अस-सिहा' हा आरोग्यरक्षणाचा ग्रंथ लिहिला. तो पुढे लॅटिनमध्ये गेला आणि युरोपात त्याच्या सुंदर चित्रमय प्रती निघाल्या. हा ग्रंथ तक्त्यांच्या रूपात आहे. पदार्थाचं नाव, त्याची प्रकृती, त्यातला उत्तम प्रकार कोणता, फायदा काय, नुकसान काय. आणि मग एक रकाना असा, की ज्यासाठी मी हा सगळा प्रपंच मांडला आहे : त्या पदार्थाचं नुकसान कशाने टळेल? म्हणजे 'हे बाधतं' एवढं सांगून हकीम हात झटकत नव्हता. बाधतं ना, मग कशासोबत खावं, तेही त्याने सांगायचं.

ही रीत इब्न बुतलानच्याही आधीची. ९२५च्या सुमारास वारलेल्या अर-राझीने आहारावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचाच अर्थ 'अन्नाचे फायदे आणि त्याच्या नुकसानीचं निवारण' असा होतो. स्वयंपाकघरातही हाच विचार पोहोचला होता. १२२६ साली मुहम्मद इब्न अल-हसन अल-बगदादीने लिहिलेल्या पाकपुस्तकात आंबट पदार्थांना मानाचं स्थान आहे. त्यातलं सिकबाज म्हणजे सिरक्यात शिजवलेलं मांस. चरबीच्या मांसाला आंबटाची जोड हवी, असं हकीमही मानत आणि बावर्चीही. आपल्या बिर्याणीशेजारी कांदा-लिंबाची कचुंबर असते, ती मला याच कुळातली वाटते.

पण माझ्या सर्वांत आवडीचा शब्द 'मुजव्वरात'. अर्थ साधारण 'नकली' किंवा 'बतावणीचे' पदार्थ. दहाव्या शतकातल्या इब्न सय्यार अल-वर्राकच्या पाकपुस्तकात असे बिनमांसाचे पदार्थ येतात. ख्रिस्ती लोक उपासाच्या दिवसांत ते खात आणि आजाऱ्यांसाठीही ते केले जात. मांसाच्या मूळ पदार्थाचंच रूप, तोच मसाला, फक्त मांस नाही. आजाऱ्यापुढे त्याच्या आवडीच्या पदार्थाचा हलका भाऊबंद ठेवायचा. आजारी माणसाची भूक जशी असते तसा त्याचा मानही असतो, हे त्या बावर्चींना कळत होतं.

आपल्याकडे काय होतं? माझ्या मोठ्या खालाला बरीच वर्षं साखरेचा आजार आहे. ईदच्या दिवशी तिच्यासमोर ट्रे आला की चार हात एकदम पुढे होतात, "खालाला नको, खालाला नको." मग तिच्यासाठी वेगळी दोन बिस्किटं येतात. दुपारी ती स्वयंपाकघरात एकटी जाते आणि भांड्यातून उभ्याउभ्याच खाते, किती ते कुणी मोजत नाही. इब्न बुतलानच्या म्हाताऱ्यासारखे आम्ही कंजूष नाही, प्रेमानेच हे करतो. पण ट्रे मागे जातो तो जातोच.

तिच्यासाठी मुजव्वरा करणं काही अवघड नाही. शीरखुर्मा या नावात दूध आहे आणि खजूर आहे, साखर नाही. आपण मात्र साखर आणि शेवया वाढवत नेल्या आणि खजूर वाटीमागे दोन तुकड्यांवर आणून ठेवला. साखर न घालता, शेवया निम्म्या, बदाम-चारोळी जास्त, असा एक वाटा वेगळा काढता येतो. खजुराचीही शेवटी साखरच होते, म्हणून तो मोजूनच आणि वाटी लहानच. दुसरं, आधी कचुंबर आणि मटण, मग थोडा भात, गोड सगळ्यांत शेवटी, असा क्रम ठेवला तर जेवणानंतर रक्तातली साखर तितक्या झपाट्याने चढत नाही. हे मात्र आजचं वैद्यक सांगतं. बगदादच्या हकिमांचं उष्ण-शीत, कोरडं-ओलं हे शास्त्र मागे पडलं, ते पुन्हा डोक्यावर घ्यावं असं मी म्हणत नाही. गोळ्या आणि इन्शुलिन यांचा हिशेब डॉक्टरांकडूनच घ्यायचा.

त्या काळाचं उगाच कौतुकही नको. ही पाकपुस्तकं दरबारांची आणि श्रीमंत घरांची. तिथे संयमाचे ग्रंथ लिहिले जात आणि शेजारच्या दालनात ताटावर ताटं रिकामी होत. म्हणून मला त्याहून मागे, मदीनेत जावंसं वाटतं. पोटाचे तीन भाग करावेत, एक अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, ही हदीस आपल्या व्याख्यानांत हटकून येते. तेवढ्याच ठामपणे हे कुणी सांगत नाही की दोन्ही ईदच्या दिवशी रोजा ठेवायला मनाई आहे. म्हणजे त्या दिवशी खाणं हा धर्माचाच भाग झाला. रमजान ईदच्या नमाजला निघण्यापूर्वी प्रेषित मुहम्मद (स.) खजूर खात, तेही विषम संख्येने. उत्सवाची सुरुवात गोडानेच, पण मोजून. आणि ह. अबू दरदा (र.) नफिल रोजे ठेवून घरादाराकडे दुर्लक्ष करू लागले तेव्हा ह. सलमान फारसी (र.) यांनी त्यांच्या घरी जेवताना अट घातली : तुम्ही खाल्लं तरच मी खाईन. अबू दरदांनी रोजा सोडला. शरीराचाही तुमच्यावर हक्क आहे, असं सलमान यांनी त्यांना समजावलं आणि प्रेषितांनी त्यांचं म्हणणं खरं ठरवलं.

बकरी ईदचा एक प्रसंग तर थेट आपल्या फ्रीजरपाशी येतो. एका वर्षी टंचाई होती, उपाशी माणसं मदीनेत आली होती. तेव्हा कुर्बानीचं मांस तीन दिवसांपलीकडे घरात ठेवू नका, असा हुकूम झाला. पुढच्या वर्षी लोकांनी विचारलं, यंदाही तसंच करायचं का? तेव्हा प्रेषितांनी साठवायची परवानगी दिली, खाण्याची आणि खाऊ घालण्याची आठवण करून देऊन. तेव्हापासून साठवणं जायजच आहे, त्यावर वाद नाही. आमच्या गल्लीत मात्र आता ईदच्या आदल्या आठवड्यात फ्रीजर रिकामा करायची धांदल असते, आणि त्या तिसऱ्या दिवसापासून पुढे दीड महिना, रोज एक वेळ तरी, तेच मांस शिजत राहतं. गोळ्या वाढतात त्या बहुधा या दीड महिन्यात, ईदच्या एका दुपारी नव्हे. गल्लीच्या टोकाला, जिथे भाड्याच्या खोल्या आहेत, तिथे या काळात किती चुलींवर मटण चढतं हे मी गेल्या वर्षी पहिल्यांदा विचारायला गेलो. दुसऱ्या दिवशीच संपलं होतं.