नारायणराव आणि वीरण्णा

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगू लागलो की आपण सांगलीपासून आरंभ करतो. पण सांगलीचा तो आरंभही कर्नाटकातून आला होता, याचा पुष्कळदा विसर पडतो. १८४२ साली उत्तर कानडा प्रांतातील भागवत मंडळी सांगलीस येऊन आपले खेळ करून गेली. ते पाहून श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसे खेळ मराठीत करण्यास सांगितले, आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. पुढे ही देवघेव चालूच राहिली. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. केशवराव भोसल्यांच्या ‘ललितकलादर्श’ मंडळीची स्थापना १९०८ साली झाली ती हुबळीस. बेळगाव, धारवाड, हुबळी ही गावे मराठी नाटक मंडळ्यांना परकी अशी कधी वाटलीच नाहीत.

तुंगभद्रेच्या दक्षिणेस, जुन्या म्हैसूर संस्थानात मात्र कानडी नाटकाचा एक निराळाच प्रवाह वाहत होता. बंगळूर हे त्याचे मोठे ठाणे. त्या प्रवाहातील सर्वांत थोर पुरुष म्हणजे गुब्बी वीरण्णा. मराठी रसिकांना हे नाव फारसे परिचित नाही. म्हणून, श्रोतेहो, आपल्या अंतःकरणात ज्यांनी कायमचे घर केले आहे त्या बालगंधर्वांच्या शेजारी आज वीरण्णांना बसवून पाहावे असा माझा मानस आहे. हेतू दोघांत थोरला कोण हे ठरवण्याचा नाही. नटाची आवडनिवड ही त्याची खासगी बाब राहते का, आणि त्याच्यामागे नेमके काय उरते, एवढेच पाहावयाचे आहे.

दोघे जवळजवळ समवयस्क. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म १८८८ सालचा, वीरण्णांचा १८९१ सालचा. नारायणराव १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि १९१३ साली सहकाऱ्यांसह गंधर्व नाटक मंडळी काढून स्वतः मालक झाले. वीरण्णा तर बाळपणीच रंगभूमीवर आले. तुमकूर जिल्ह्यातील गुब्बी या लहानशा गावी १८८४ साली, म्हणजे पुण्यात ‘शाकुंतल’ झाल्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, श्री चन्नबसवेश्वर नाटक संघ स्थापन झाला होता. त्याच संघात बालनट म्हणून उभा राहिलेला हा मुलगा पुढे त्याचा मालक झाला, आणि गावाचे नाव त्याच्या नावाला कायमचे जडले.

नारायणरावांची आवड काय होती? थोडक्यात सांगायचे तर, जे जे उत्तम ते ते. अत्तरांचा त्यांचा षोक सर्वश्रुत होता. रंगमंचावरचे शालू, दागिने, गालिचे, पडदे यांत नकली काही चालावयाचे नाही. साथीला सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवाँ! ‘स्वयंवरा’च्या पदांना चाली द्यायला भास्करबुवा बखले यांच्यासारखा गवई. रुक्मिणीच्या वेषात ते रंगभूमीवर आले की प्रेक्षागृहातील स्त्रिया त्यांचे लुगडे नेसणे, त्यांचा अंबाडा, त्यांचा गजरा डोळ्यांत साठवून घेत आणि घरी जाऊन त्याचे अनुकरण करीत. प्रेक्षकांना ते ‘अन्नदाते मायबाप’ म्हणत आणि भेटेल त्याला ‘देवा’ अशी हाक मारीत. ही नुसती बोलण्याची लकब नव्हती. देवापुढे मांडावयाच्या नैवेद्याची किंमत कोणी विचारीत नाही. नारायणरावांनीही ती कधी विचारली नाही. खाडिलकरांच्या ‘द्रौपदी’साठी त्यांनी वैभवाची परिसीमा केली, आणि मंडळी कर्जात बुडाली. ते कर्ज त्यांनी स्वतःच्या शिरावर घेतले आणि वर्षानुवर्षे गाऊन फेडले.

पडद्यामागची त्यांची एक आठवण महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलावा असे सहकाऱ्यांना वाटणे साहजिक होते. पण नारायणराव तोंडाला रंग लावून भामिनी म्हणून उभे राहिले. या प्रसंगाचे आपण नेहमी कौतुक करतो. मला त्यात कौतुकापेक्षा भय अधिक दिसते. ज्या माणसाने पूजेत खंड पडू द्यायचा नाही असा नेम केला, त्याच्यापाशी स्वतःच्या दुःखासाठीही वेगळी जागा उरली नव्हती.

आता बंगळुराकडे वळू. वीरण्णांची कीर्ती नायकाची नव्हे, हास्यनटाची. ‘सदारमे’ नावाचे कानडी नाटक आहे. राजपुत्राशी विवाह झालेल्या, संकटात सापडलेल्या आणि पुरुषवेष धारण करून आपल्या बुद्धीने त्यातून सुटणाऱ्या एका चतुर स्त्रीची ती कथा. त्यातील चोराची भूमिका वीरण्णा करीत. कथेत चोर हा दुय्यम. पण लोक यावयाचे ते त्या चोरासाठी. मालक स्वतः विदूषक असला म्हणजे कंपनीची बैठकच बदलते. नायिका हाच जिथे मालक, तिथे सारा प्रकाश एका मुखावर पडतो. विदूषकाला मात्र समोर कोणीतरी खंबीर उभा असावा लागतो. त्याचे हसे दुसऱ्याच्या गांभीर्यावरच फुलते. वीरण्णांना म्हणून चांगले गाणारे, चांगले बोलणारे, उग्र भूमिका पेलणारे नट नेहमीच हवे असत.

वैभवाचा सोस त्यांनाही होता, आणि तो थोडाथोडका नव्हता. ‘कुरुक्षेत्र’ नाटकात त्यांनी खरे हत्ती, खरे घोडे आणून उभे केले. तथापि या वैभवाची जात निराळी होती. गंधर्वांच्या रंगमंचावरचे ऐश्वर्य पुढच्या रांगेतील जाणत्याने न्याहाळावे असे. गुब्बी मंडळीचा हत्ती अगदी मागे मातीत बसलेल्या शेतकऱ्यालाही दिसावा असा. बंगळूरच्या परिसरात कानडी, तेलुगू, तमिळ, उर्दू अशा अनेक भाषा नांदतात. गुब्बी मंडळी तेलुगू नाटकेही करी आणि कर्नाटकाबाहेर आंध्रापर्यंत दौरे काढी. ज्याला भाषा पुरती कळत नाही त्यालाही खेळ कळला पाहिजे, हा त्या दिमाखामागचा हिशेब होता.

स्त्रीभूमिकेच्या बाबतीतही दोघांच्या वाटा वेगळ्या. बालगंधर्वांनी पुरुषाने करावयाच्या स्त्रीभूमिकेला असे शिखर गाठून दिले की त्यापुढे चढावयाला वाट उरली नाही. गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या मंडळीत आल्या त्या बऱ्याच उशिरा. वीरण्णांनी मात्र लोकापवादाची पर्वा न करता स्त्रियांना रंगभूमीवर आणले. त्यांच्या पत्नी बी. जयम्मा या गायिका-अभिनेत्री म्हणून नावाजल्या, आणि पुढे चित्रपटांतही चमकल्या.

बोलपट आला आणि दोघांनाही त्याला तोंड द्यावे लागले. नारायणरावांनी १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथांची भूमिका केली, पण समोर रसिक नाहीत, दाद नाही, ‘वन्स मोअर’ नाही, अशा ठिकाणी त्यांचा जीव रमेना. प्रभातसाठी तो एकच चित्रपट करून ते रंगभूमीकडे परतले. वीरण्णा मूकपटाच्या अखेरच्या काळापासूनच या धंद्यात शिरले होते. त्यात त्यांनी खर्च केला, प्रयोग केले, चित्रपट काढले. १९५४ साली त्यांच्या संस्थेने ‘बेडर कण्णप्पा’ हा चित्रपट काढला. त्यात नायक म्हणून प्रथमच पडद्यावर आलेला तरुण गुब्बी मंडळीतच वाढलेला होता. त्याचे वडील, सिंगनल्लूर पुट्टस्वामय्या, हे त्याच मंडळीत दैत्यांच्या उग्र भूमिका गाजवीत. तो तरुण म्हणजे राजकुमार. पुढे पन्नास वर्षे कानडी माणसाने ज्यांच्यावर जीव ओवाळून टाकला ते राजकुमार.

या एकाच नावावर यादी संपत नाही. हास्यनट नरसिंहराजू, बालकृष्ण, १९८३ साली ‘आदि शंकराचार्य’ हा संस्कृत चित्रपट करणारे जी. व्ही. अय्यर, हे सारे गुब्बीच्या रंगपटातून आले. ब. व. कारंत लहानपणी घर सोडून याच मंडळीत आले. मुलाचा वकूब ओळखून वीरण्णांनी त्याला एम.ए. करण्यासाठी काशीस धाडले. एका फिरत्या नाटक कंपनीच्या मालकाने हाताशी आलेला नट शिकण्यासाठी सोडून द्यावा, ही गोष्ट मला हत्ती रंगभूमीवर आणण्याहून मोठी वाटते. तेच कारंत १९७७ साली दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयाचे संचालक झाले. वीरण्णांची नात बी. जयश्री यांनी आजोबांचे ‘सदारमे’ पुन्हा रंगभूमीवर आणले.

नारायणरावांमागे असा नटांचा परिवार राहिला नाही. अखेरची वर्षे त्यांनी आजारपणात आणि आर्थिक विवंचनेत काढली. १९६४ साली पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले. पण मागे राहिली ती त्यांची गायकी, ध्वनिमुद्रिकांतून आणि गळ्यागळ्यांतून. ती गायकी उलगडून दाखवण्याचे काम ज्या कुमार गंधर्वांनी केले, ते शिवपुत्र कोमकळीमठ बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचे, कानडी घरातले. देवघेव अशी पुन्हा एकदा पुरी झाली.

वीरण्णांच्या आत्मचरित्राचे नाव ‘कलेये कायक’, म्हणजे कला हेच कायक. ‘कायक’ हा बसवेश्वरांच्या परंपरेतील शब्द: हातून निष्ठेने होणारे काम हीच पूजा. नारायणरावांचीही पूजाच होती, पण ती राजोपचारांची. बसवेश्वरांच्या जीवनाचा काही काळ मंगळवेढ्यास गेला, आणि नारायणरावांनी जिची भूमिका तन्मयतेने केली ती कान्होपात्राही मंगळवेढ्याचीच. एकाच मातीत कष्टाची भक्ती रुजली आणि सर्वस्व वाहून टाकण्याची भक्तीही रुजली.

वीरण्णा १९७२ साली निवर्तले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. आज बंगळुरात गांधीनगरात त्यांच्या नावाचे रंगमंदिर आहे, तसे पुण्यात १९६८ सालापासून बालगंधर्वांच्या नावाचे आहे. मराठी माणूस कामानिमित्त आता मोठ्या संख्येने बंगळुरास जातो, तिथे राहतो. त्याने एखाद्या संध्याकाळी कानडी नाटकाला जाऊन बसावे. शब्द सगळे कळणार नाहीत, पण नांदीचा सूर लागताच ती वाट आपल्या ओळखीची आहे, एवढे त्याला खचित कळेल.